घोडजाईवरचा हात

सानवीने बोटाने दगड फिरवला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग खालून वर, तेव्हा मातीत गाडलेला त्याचा तळ वर आला आणि माथ्यावरचे सूर्यचंद्र खाली लोंबले. लॅपटॉपवरचा दगड तो, कुणीही कसाही फिरवावा. पण स्वयंपाकघराच्या दारातून निशिगंधाने ते पाहिले. गॅसवरची कुळथाची पिठी ढवळायची राहून गेली. ‘‘आई, ह्या दगडाला हात आहे,’’ सानवी म्हणाली, आणि जरा वेळाने, ‘‘हा घोडा काय करतोय?’’ निशिगंधा म्हणाली, आजी येईल इतक्यात, उठ, ताटे घे. मुलगी सातवीत गेलेली, मराठी-इंग्रजी दोन्ही धडाधड वाचणारी. तिने आईकडे एकदा नीट बघितले आणि ताटे घ्यायला उठली. उत्तर टाळलेले मुलांना कळते, आणि कळल्याचे ती दाखवत नाहीत, ते जास्त लागते.

वर्गात हे निशिगंधाला कधीच जड गेले नव्हते. एम.ए.च्या मुलांपुढे ती फळ्यावर सरळ लिहायची, गधेगाळ. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जमीन दान दिली की तिथे दगड उभा करायचा. वर सूर्यचंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालेल. मधे मजकूर. आणि खाली, जो कुणी हे मोडील त्याच्या आईला घातलेली शिवी, वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रातच कोरलेली. खाली पडलेली बाई आणि तिच्यावर गाढव. मुली वहीत मान खुपसत, मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसे, आणि निशिगंधा संथ आवाजात पुढे जाई, की हा शिलाहारांच्या काळातला कायदा आहे, याच्याकडे कायदा म्हणूनच बघायचे. दान राजाचे, जमीन गावाची आणि शिवी मात्र बाईला, असे एक वाक्यही ती टाकायची. ते मुले हटकून लिहून घेत. कुणब्याची पोर, देवरूखच्या कॉलेजातून वर आलेली, आणि असल्या विषयावर बोलताना आवाज जराही हलत नाही, याचा तिला तेव्हा अभिमान वाटायचा. आता पोटच्या पोरीने साधा प्रश्न विचारला तर तिला ताटे आठवली.

सकाळीच मेल आली होती. परदेशातल्या एका विद्यापीठाने मध्ययुगीन दगडांचा मोठा डिजिटल संग्रह चालवला होता. जगभरचे क्रूस, थडगी, वीरगळ, हद्दीचे दगड, सगळे एका जागी, हवे तसे फिरवून बघता येतील असे. कोकणातला पहिला दगड निशिगंधाचा जाणार होता. रत्नागिरीत बसून असल्या कामात शिरणे सोपे नाही. चांगली नियतकालिके उघडायला गेले तर कुलूप लागलेले असते, पुण्याच्या ओळखीवाल्यांकडे लेख मागत बसावे लागते, आणि परिसंवादात आपले नाव शेवटच्या सत्रात, लोक चहाला उठल्यावर. म्हणून ही मेल म्हणजे मोठी गोष्ट होती. मेलमध्ये अभिनंदन होते आणि एक दुरुस्ती होती. दगडाच्या खालच्या चौकटीवर, उजव्या कडेला, काहीतरी नको ते चिकटलेले दिसते. ते छाटून टाकावे, म्हणजे दगड सर्वांसाठी खुला करता येईल. निशिगंधाला ते काय आहे हे न बघताच कळले होते. लॅपटॉप उघडा टाकून ती कुळथाचे पीठ शोधायला गेली होती, ते यासाठीच.

चारी बाजूंनी शेकडो फोटो काढायचे आणि संगणकाने ते जोडून दगड उभा करायचा, अशी ती पद्धत. जे हलते ते त्यात पुसले जाते. उडणारे पान, डोलणारी फांदी, येणारीजाणारी माणसे. जे थांबून राहते तेवढेच राहते. हात थांबून राहिला होता. मनगटापासून पुढचा, चार बोटे आणि अर्धा अंगठा, हिरव्या बांगडीचा एक तुकडा, करंगळीवर कोयतीचा जुना वण. मनगटामागे काही नव्हते. दगडातूनच उगवल्यासारखा तो हात खाली पडलेल्या बाईच्या छातीवर होता. चिमाआत्याचा हात. त्या हाताने निशिगंधाला न्हाऊमाखू घातले होते, कारण तिची आई लवकर गेली आणि बाप मुंबईला कंपनीत. नवऱ्याने टाकलेली ही आत्या भावाच्या घरी परत आली ती या पोरीसाठीच जणू. आणि आज दुपारी ती येणार होती. काल संध्याकाळी फोनवर म्हणाली होती, शेजारच्या गौरवच्या बायकोला सोनोग्राफीला आणतेय, जेवायला तुझ्याकडेच येतो, आणि एक विचारायचेही आहे. काय विचारायचेय, हे निशिगंधाने विचारले नाही.

गावात त्या दगडाला घोडजाई म्हणत. सड्याच्या, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळाच्या कडेला, किंजळीच्या झाडाखाली ती उभी होती. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढून चढून तिचे पार गाठोडे झालेले. वरचे सूर्यचंद्र तेवढे उघडे, बाकी सगळा लाल फुगवटा. त्या फुगवट्याला कुणीतरी कधीतरी चांदीचे डोळे बसवलेले. घोड्यावर बसून ती गावाची शीव राखते असे म्हणत, आणि अडलेल्या बाईला सोडवते. म्हणून पोटुशी बाई सातव्या महिन्यात तिची ओटी भरी, खण-नारळ ठेवी, आणि तिच्या अंगावरचे तेल बोटावर घेऊन पोटाला लावी. नव्या सुनांना तिथे हाताला धरून न्यायचे काम चिमाआत्याचे. तिला स्वतःला मूल नाही, पण गावातले निम्मे लोक आपल्या बोटाच्या तेलाने जगात आले अशी तिची समजूत होती, आणि ती कुणी मोडत नसे. लहानपणी निशिगंधा तिच्यामागून नारळाच्या आशेने जायची. पुढे पदवीच्या वर्गात पहिल्यांदा गधेगाळाचे चित्र पडद्यावर दाखवले गेले, वर सूर्यचंद्र, मधे ओळी, खाली ते, तेव्हा तिला किंजळ दिसली. सरांना सांगावे की आमच्या गावात आहे एक, असे ओठांवर आले होते. पण शेजारी शहरातल्या मुली होत्या, आणि तुमच्या गावात याची पूजा करतात, असे कुणी म्हटले असते तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मग लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही गर्भ गेले. नवरा, अनिल, तेव्हाही अलोऱ्याच्या शाळेत शिकवायला होता, शनिवारी यायचा, आणि दोघे टीव्ही लावून बसायचे. तिसऱ्या वेळी सातवा लागला तेव्हा आत्या स्वतः रत्नागिरीला आली आणि तिला घेऊन गेली. निशिगंधाची पीएच.डी. होऊन गेली होती. मध्ययुगीन कोकणातील दानशासने, असा विषय. तिने नारळ धरला, खण ठेवला, वाकली. कपाळ शेंदराला टेकले तेव्हा तिला पुरते ठाऊक होते की कशाला टेकतेय. चांदीचे डोळे बाईला नाहीत, गाढवाच्या मानेवर आहेत, हेही ती मापाने सांगू शकली असती. आणि तरी तिने मागितले. हे मूल राहू दे, एवढे एक वाचू दे, असे अगदी त्याच शब्दांत, भिकाऱ्यासारखे मागितले. आत्याने तेल तिच्या पोटाला लावले. सानवी झाली. यातले एक अक्षर तिने कॉलेजात कुणाला सांगितले नाही. तीन वर्षांनी तिचा लेख छापून आला, त्यात एक वाक्य होते, की काही गावांतून या शिल्पाचा मूळ अर्थ विस्मृतीत जाऊन अशिक्षित स्त्रिया त्यास प्रजननदेवता मानतात. आणि तळटीपेत, माहिती देणारी स्थानिक वृद्ध स्त्री. आत्या तेव्हा साठीचीही नव्हती. आपल्याला अक्कल असल्याची लाज एका बाजूला वाटायची आणि भक्ती केल्याची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही लाजा ती नीट घड्या घालून वेगवेगळ्या कपाटांत ठेवत आली होती. परक्या माणसांना तिचे कौतुक वाटे की किती साधी राहते.

मागच्या माघात संग्रहाच्या कामासाठी उन्मेष आला. रत्नागिरीचाच मुलगा, पुण्यात शिकून असे दगड उभे करण्यात तरबेज झालेला. वागायला गोड, पण डोळा सदा उन्हाकडे, की प्रकाश जाईल. शेंदूर काढल्याशिवाय काही दिसणार नाही, तो म्हणाला. गावात देवाचे काही करायचे तर कौल घ्यावा लागतो. मानकरी भागोजी गावकराने आंघोळ करून, ओले तांदूळ घोडजाईच्या दोन्ही खांद्यांना चिकटवले आणि उन्मेषने सांगितले तसेच विचारले, की तुझ्या अंगावरचा शेंदूर काढून फोटो काढायचा आहे तो काढू काय. डावा तांदूळ पडला. भागोजी निशिगंधाकडे वळून म्हणाला, बाय, नको म्हणते. तो ते असे म्हणाला की जणू आत कुणाला विचारून बाहेर आला. उन्मेषने घड्याळात पाहिले. आणि निशिगंधा पुढे झाली. प्रश्न नीट मांडला की उत्तर मिळते, हे ती पहिल्या तासाला मुलांना शिकवते. ती भागोजीला म्हणाली, असे विचारा ना, जुना लेप उतरवून नवा चढवू काय. ती घोडजाईवाल्या घरातली, शिकलेली, कॉलेजात शिकवणारी. भागोजीने तांदूळ पुन्हा लावले. उजवा पडला, लगेच, म्हणजे होकार. संग्रहाच्या अर्जात एक रकाना होता, स्थानिक समाजाची संमती. तिथे तिने आहे असे लिहिले. खोटे काहीच नव्हते त्यात, हेच तर वाईट.

नवा लेप चढणार म्हणून बायका हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. कोमट तेल सोडून, बांबूच्या पात्यांनी कडा उकलल्या, तसे शेंदराचे पापुद्रे ढेकळांसारखे सुटू लागले. आधी ओळी निघाल्या. उन्मेष आनंदाने काहीतरी पुटपुटला. मग चांदीचे डोळे सुटून खाली पडले आणि खालची चौकट उघडी झाली. कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. गुराढोरांतली माणसे ती. एक म्हातारी हसली आणि मधेच थांबून तिने पदर तोंडात घातला. भागोजी पाठ फिरवून उगाच चप्पल झटकत राहिला. तरण्या सुना एकमेकींकडे न बघता मागे सरकल्या. या सगळ्याजणींनी त्या जागेचे तेल बोटावर घेऊन पोटाला लावले होते. तेवढ्यात चिमाआत्या पुढे आली, खाली बसली, आणि तिने खालच्या बाईवर हात ठेवला. नमस्काराचा नव्हे तो. अंगावरचे पांघरूण सरकलेल्या माणसावर ठेवतात तसा. उन्मेष म्हणाला, आजी जरा बाजूला व्हा, सावली पडतेय. ती उठली. तो कॅमेरा घेऊन फिरत दुसऱ्या बाजूला गेला की ती पुन्हा येऊन बसे, पुन्हा हात. ऊन उतरत होते. तेव्हा निशिगंधा बोलली, सगळ्यांसमोर, वर्गातल्या आवाजात, ‘‘आत्या, हात काढ.’’ आत्याने हात काढला. काढताना तिने भाचीकडे पाहिले. ती नजर निशिगंधाला तेव्हापासून कुठेही गाठते. पेपर तपासताना, भाजी निवडताना, साळवी स्टॉपला रिक्षाची वाट बघताना. संध्याकाळी नवा लेप दिला. पण शेंदूर काही एका दिवसात चढत नाही. त्या पातळ लाल रंगातून सगळे उलट जास्तच ठळक दिसू लागले. तेव्हापासून तिकडे कुणी ओटी भरायला गेले नाही.

आत्या आली ती पायरीवर पाय पुसूनच आत आली. बरोबर मयुरी, गौरवची बायको, सातवा संपत आलेला, हातात रिपोर्टची पिशवी. बाळ बरे आहे, वजन बेताचे आहे, असे डॉक्टर म्हणाल्या, एवढे सांगून मयुरी भिंतीला टेकून बसली. जेवताना बोलणे झाले ते गणपतीचे. कोण कोण येणार मुंबईहून, एसटीचे रिझर्वेशन, यंदा भाताला खोडकिड्याने धरलेय. आत्याने पिठी दोनदा मागून घेतली, मीठ कमी म्हणाली. निशिगंधाला जरा मोकळे वाटले. वाटले, विचारायचे ते असेच काहीतरी असेल, लाइट बिलाचे, नाहीतर मोतीबिंदूचे. तिने मुद्दाम लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला होता. पण ती हात धुवायला गेली तेवढ्यात सानवीने तो काढला, आणि निशिगंधा परत आली तेव्हा सानवी म्हणत होती, आजी, बघ, तुझा हात. आत्याने चष्मा लावला होता. दगड सावकाश आपल्याआपण गोल फिरत होता. मयुरीने एकदा बघितले आणि मान दुसरीकडे केली, हात पोटावर.

हे कोण बघणार, आत्याने विचारले. निशिगंधाने सांगितले की कुणीही, जगातले. आत्याने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली की मयुरीची सासू म्हणते ओटी भरायला ने, गौरव विरारहून फोनवर ओरडतो की खबरदार, लोक हसतील, आणि ही पोरगी गेली तरी घाबरते, नाही गेली तरी घाबरते. ‘‘म्हनून तुला इचाराया आलेलं. न्यावं का नको,’’ ती म्हणाली. ‘‘पन त्याच्या आधी एक सांग. सानवीच्या वेळेला मी तुला न्हेलेली. तवा तुला म्हाईत व्हतं?’’

दोन्ही खांद्यांना ओले तांदूळ चिकटवल्यासारखी निशिगंधा उभी राहिली. नाही म्हणणे सोपे होते. शेंदराखाली काय आहे ते कसे कळणार, असे म्हणता आले असते, आणि ते निम्मे खरे दिसले असते. आत्याचे मन राहिले असते, मयुरीसमोर तिची फजिती झाली नसती, की जिला सगळे माहीत होते तिच्या पोटाला आपण भाबडेपणी तेल लावत बसलो. प्रश्न जरा वेगळा मांडून घेता आला असता. तिला ते येत होते. आत्या वाट बघत होती, घाई नसलेल्या माणसासारखी. ‘‘होतं,’’ निशिगंधा म्हणाली.

‘‘समदं?’’

‘‘सगळं. पण मी मागितलं होतं, आत्या. खरंच मागितलं होतं तिच्याकडे.’’ हे शब्द तिने आजवर कुणापुढे काढले नव्हते; सानवी ऐकत होती, मयुरी ऐकत होती.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला नाही. ‘‘मंग तवाच बोललीस का नाय गो?’’

‘‘लाज वाटली.’’

‘‘कुनाची?’’

राजाची नव्हे, दगड कोरणाऱ्याची नव्हे. पडलेल्या बाईची वाटली होती, आणि तिच्यापुढे हात जोडणाऱ्या बायकांची. इतकी वर्षे दगड वाचत बसलेल्या तिला हे आत्ता, पिठीच्या वासात, उष्ट्या ताटांशेजारी कळत होते, आणि कळून काही उपयोग नव्हता.

‘‘बोलली असतीस,’’ आत्या म्हणाली, आवाज न चढवता, ‘‘तर मी हातभर खन नसता ठेवला. आख्खं लुगडं नेसवलं असतं तिला. इतकी वरसं शेंदराखाली तशीच उघडी ऱ्हायली ती बाई, आनी आमी तिच्याकडं मागत बसलाव.’’ मग ती मयुरीकडे वळली आणि म्हणाली की मंगळवारी जाऊया आपण, लुगडे मी घेते, तू नुसती चल. मयुरीने मान डोलावली. तिचे डोळे भरले होते, कशाने ते तिलाही सांगता आले नसते. मी येऊ का, असे निशिगंधाला विचारायचे होते. तिने ताटे उचलली.

सानवी स्क्रीनवरची मेल वाचत होती. ‘‘आई, ते म्हणतायत आजीचा हात काढून टाका.’’ आत्याने काय म्हणून विचारले, तेव्हा सानवीने तिला नीट समजावून सांगितले, की हात दगडाचा नाही ना, म्हणून तो त्यांना नको आहे, तो काढला की झाले. आत्याने निशिगंधाकडे पाहिले. सड्यावर पाहिले होते तसेच.

‘‘ऱ्हाऊं दे तो,’’ आत्या म्हणाली. ‘‘तेवढाच काय तो तिच्या अंगावर हाय.’’

निशिगंधा ताटे घेऊन तशीच उभी राहिली. खरा हात आत्याच्या मांडीवर होता, करंगळीवर वण असलेला, पिठीने जरा पिवळा झालेला. तो धरावा असे तिला फार वाटले. पण तिचेच दोन्ही हात खरकटे होते.